वाड्यातली भाऊबंदकी, नवागामातली वाटणी

पेशव्यांच्या घरचं भांडण सुरतेला आलं ते १७७५ साली. ६ मार्चला रघुनाथरावांनी, म्हणजे राघोबादादांनी, मुंबईकर इंग्रजांशी इथे तह केला. पुतण्या नारायणरावाच्या खुनाचा डाग माथ्यावर होता, पुण्याच्या बारभाईंची फौज मागावर होती, आणि तरीही गादी हवी होती. इंग्रजांनी अडीच हजार सैनिक द्यायचं कबूल केलं. त्याबदल्यात दादासाहेबांनी साष्टी आणि वसई कायमची तोडून दिली, सुरत-भडोचच्या वसुलातला वाटा देऊ केला आणि खर्चाला तारण म्हणून सहा लाखांचं जवाहीर इंग्रजांच्या हवाली केलं. शनिवारवाड्याच्या माजघरात सुरू झालेला काका-पुतण्याचा तंटा तापीकाठी परक्यापुढे मांडला गेला.

साष्टी म्हणजे वांद्र्यापासून ठाण्याच्या खाडीपर्यंतची आजची उपनगरं. पुढे सात वर्षांनी, १७८२ च्या सालबाईच्या तहात, वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मात्र गेली ती गेलीच. आज गोरेगावची चित्रनगरी याच भूमीवर आहे. घोडबंदर रस्त्यावरचे आणि मीरा रोडचे मालिकांचे सेटही याच भूमीवर. राघोबादादांच्या भांडणात गेलेल्या जमिनीवर वाडे उभारून आपण राघोबादादांचं भांडण चित्रित करतो आणि ते सुरतेतल्या घरांत पुन्हा पोहोचतं. या घरांपैकी नवागामातल्या घरांबद्दल, आणि तिथे पाहिल्या जाणाऱ्या भांडणांबद्दल व सलोख्यांबद्दल मला सांगायचं आहे.

नवागाम-डिंडोली हा सुरत शहराचा उधन्यापलीकडचा भाग. जळगावकडे जाणारा लोहमार्ग उधन्याहून फुटतो आणि पूर्वेला वळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी व्हॅली रेल्वे म्हणून बांधलेला हा मार्ग बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला जातो. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. सोनगढचा किल्ला पिलाजी गायकवाडांचा; बडोद्याच्या गायकवाडांचं घराणं तिथून वाढलं, आणि त्यांच्या घरातही पुढे गादीवरून भावाभावांत वर्षानुवर्षं झुंज चालली. याच मार्गाने धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतली कोरडवाहू शेती करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या सुरतेला उतरली. यंत्रमाग, रंगाईच्या आणि छपाईच्या मिली, भरतकामाची यंत्रं, रिंगरोडवरचे साड्यांचे बाजार यांत ती सामावली. नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना, पांडेसरा हा पट्टा आज खानदेशी माणसांचा म्हणून ओळखला जातो. महापालिकेच्या शाळांमध्ये मराठी माध्यम आहे. हा पट्टा ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात येतो, तिथून २००९ पासून निवडून येणारे सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले आहेत.

इथल्या घरात भाषा अनेक असतात. आजी नातवाशी अहिराणीत बोलते, कारखान्यात हिंदी चालते, दुकानात आणि दवाखान्यात गुजराती. शहरी, शुद्धलेखनी मराठी मात्र आसपास कुणी बोलत नाही. ती येते पाठ्यपुस्तकातून, पत्रिकेतून आणि टीव्हीतून. १९९९ च्या १५ ऑगस्टला अल्फा मराठी सुरू झाली, पाठोपाठ ई टीव्ही मराठी आली, २००८ च्या नोव्हेंबरात स्टार प्रवाह. केबल आणि छत्रीमुळे त्या गुजरातेतही दिसू लागल्या. पेशव्यांच्या वाड्यातली ‘अहो’, ‘इकडून’, ‘स्वारी’ ही बोली नवागामातल्या एका खोलीच्या घरात पहिल्यांदा शिरली ती मालिकेच्या पावलांनी. कारखान्यात बारा तासांची पाळी असते. दिवसपाळीचा माणूस घरी येतो तेव्हा मालिका निम्मी झालेली असते. मग जेवताना बायको किंवा आई मागचं सांगते, आणि तो ‘काकाचं काय झालं’ असं विचारतो. वाड्याचा थाट, नऊवारी, कंदील, दरबार हे सगळं त्याच्यापासून दूरचं आहे. काकाने पुतण्याचा हिस्सा दाबला, ही गोष्ट मात्र त्याला समजावून सांगावी लागत नाही.

मराठी माणसाने आपल्या इतिहासातल्या घरभांडणांकडे फार पूर्वीपासून नाटक म्हणून पाहिलं आहे. वि. ज. कीर्तन्यांनी १८६१ मध्ये ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिलं. आपल्या स्वतंत्र ऐतिहासिक नाटकांची सुरुवात तिथून मोजतात. १९०९ मध्ये खाडिलकरांनी नारायणरावाच्या खुनावर नाटक लिहिलं आणि त्याला सरळ ‘भाऊबंदकी’ असं नाव दिलं. १९४४ मध्ये प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला. त्यात रामशास्त्री झालेले गजानन जागीरदार. आनंदीबाई झालेल्या ललिता पवार. मग १९६२ हे वर्ष. रणजित देसाईंची ‘स्वामी’ कादंबरी त्याच वर्षी आली आणि वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ही त्याच वर्षी रंगभूमीवर आलं. एकात काका-पुतण्या, दुसऱ्यात बाप-लेक आणि सावत्र आई. संयुक्त महाराष्ट्र होऊन दोनच वर्षं झाली होती, आणि त्या उत्साहाच्या दिवसांत मराठी वाचक-प्रेक्षक राज्यकर्त्यांच्या घरातली दुखणी पाहायला रांगा लावत होता. मला यात एक निरोगीपणा दिसतो. विजयाच्या गोष्टी कुणालाही सांगता येतात. घर कशाने फुटलं, ते पुन्हा पुन्हा पाहायला धीर लागतो.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्वामी’ मालिका आली. दिग्दर्शक तेच गजानन जागीरदार. चार दशकांपूर्वी ज्यांनी रामशास्त्री होऊन राघोबाला जाब विचारला होता, त्यांनीच आता माधवराव आणि रमाबाईंची गोष्ट छोट्या पडद्यावर मांडली. रवींद्र मंकणी माधवराव होते, आणि शाळकरी वयाची मृणाल देव रमा. पुढे मृणाल कुलकर्णी म्हणून तिने २०१४ मध्ये ‘रमा माधव’ चित्रपट दिग्दर्शित केला आणि त्यात स्वतः गोपिकाबाई साकारली. जी मुलगी सून म्हणून वाड्यात आली होती ती सासू म्हणून परतली. २०१९ मध्ये कलर्स मराठीवर ‘स्वामिनी’ सुरू झाली, त्यात ऐश्वर्या नारकरांची गोपिकाबाई. दरम्यान २०१७ च्या सप्टेंबरात ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ सुरू होऊन २०२० च्या फेब्रुवारीअखेरीपर्यंत चालली. अमोल कोल्हे त्याआधी ‘राजा शिवछत्रपती’त थोरले महाराज झाले होते, आता ते शंभूराजे झाले.

या सगळ्यांत प्रेक्षकाला सर्वांत जास्त काय लागतं? माझ्या मते लढाई नाही. लढाईचे प्रसंग आपण पाहतो आणि विसरतो. लक्षात राहते ती सोयराबाईंची आणि शंभूराजांची नजरानजर, माधवरावांच्या आजारपणात काकांचं पायरीवर थांबणं, वाड्यातल्या दोन जावांची एका ताटावरून झालेली कुजबुज. घरातल्या दुखऱ्या नसा.

आता मूळ भांडण काय होतं ते पाहू, कारण मालिकांमध्ये ते बहुधा डोळ्यांतलं पाणी आणि कपाळावरची आठी यांत विरघळून जातं.

पानिपतनंतर १७६१ च्या जूनमध्ये नानासाहेब पेशवे पर्वतीवर गेले. गादीवर आलेले माधवराव सोळा वर्षांचे, काका रघुनाथराव सव्वीस-सत्तावीस वर्षांचे. काकांनी अटकेपर्यंत घोडं नेलेलं. पुतण्या लहान, म्हणून कारभार काकांनी पाहायचा. पुतण्या लहान राहिला नाही. त्याने कारभारात लक्ष घातलं, हिशेब विचारायला सुरुवात केली आणि भांडण लागलं. १७६२ च्या नोव्हेंबरात आळेगावला काका-पुतण्याच्या फौजा समोरासमोर आल्या. माधवरावांनी पाहिलं की आपण लढत राहिलो तर निजाम दोघांनाही गिळेल, आणि ते स्वतः होऊन काकांच्या स्वाधीन झाले. वयाच्या सतराव्या वर्षी हरलेलं मान्य करून चुलत्याच्या तंबूत जाणारा हा मुलगा मला पेशवाईतला सर्वांत मोठा माणूस वाटतो. त्याच्या पराक्रमाची स्तुती पुष्कळ झाली. या एका पावलाची व्हावी तितकी झाली नाही.

पुढच्याच वर्षी निजामाने पुणं लुटलं. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनला काका-पुतण्या एकत्र लढले. गोदावरीच्या काठी काकांची तुकडी वेढ्यात सापडली होती, तेव्हा माधवराव धावून गेले. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला, लढाई जिंकली. पुतण्याने आपला जीव वाचवला, हे राघोबांनी पाहिलं आणि कारभार त्याच्या हाती दिला. घराघरांत जो सलोखा हवाहवासा वाटतो तो हाच: संकट आलं, माणसं एकमेकांसाठी धावली, मनातलं किल्मिष गेलं.

पण किल्मिष गेलं नव्हतं, कारण त्याचं कारण गेलं नव्हतं. राघोबांना राज्याची वाटणी हवी होती. माधवराव म्हणत होते, राज्य वाटायचं नसतं. काकांची कर्जं होती, त्यांचे आश्रित सरदार होते, त्यांना स्वतंत्र उत्पन्न हवं होतं. मधल्या काळात माधवरावांचं आईशीही बिनसलं आणि गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. काका आनंदवल्लीला. दोघंही रुसून गोदावरीकाठी, वेगवेगळ्या गावांत. १७६८ च्या जूनमध्ये चांदवडजवळच्या धोडप किल्ल्यापाशी शेवटी लढाई झाली. दमाजी गायकवाडांचा मुलगा गोविंदराव काकांच्या बाजूने आला होता. काका हरले, पकडले गेले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत बसले. धोडप आज नाशिक जिल्ह्यात आहे आणि त्याच्या डोंगररांगेपलीकडे खानदेश सुरू होतो.

मग थेऊर. १७७२. माधवराव क्षयाने खंगलेले. त्यांनी काकांना मोकळं केलं, धाकट्या नारायणरावाला त्यांच्या ओटीत घातलं. कर्जं फेडावीत, काकांची सोय लावावी अशा इच्छा लिहून ठेवल्या. १८ नोव्हेंबरला ते गेले, रमाबाई सती गेल्या. जवळपास प्रत्येक नाटककाराने, कादंबरीकाराने आणि मालिकाकाराने या प्रसंगापुढे थांबून दिवे मंद केले आहेत, आणि ते बरोबरच आहे. प्रसंग तसा आहे. तरीही हा सलोखा एक वर्षही टिकला नाही. नारायणराव आणि काका पुन्हा भांडले, काका पुन्हा नजरकैदेत गेले, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी ऐन गणेशोत्सवात गारद्यांनी शनिवारवाड्यात नारायणरावाला मारलं. तो पोरगा जीव वाचवायला काकांकडेच धावला होता.

या खुनाच्या गोष्टीत आपण आनंदीबाईंना पुढे उभं केलं. कागदावरचं एक अक्षर त्यांनी बदललं, ही आख्यायिका शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ती खरी मानली तरी बारा वर्षं न सुटलेला हिश्शाचा आणि अधिकाराचा प्रश्न एका बाईच्या बोरूवर ढकलून आपण मोकळे होतो. मालिकांनी हीच सवय घट्ट केली आहे. भांडणाचं मूळ उत्पन्नात, कर्जात आणि कारभारात असतं, पण दाखवलं जातं जावांच्या मत्सरात. घराची वाटणी बाईने लावली, असं म्हणणं नवागामातही सोपं जातं आणि गावातही. मला हे मान्य नाही. बहुतेक घरांत बाईकडे सही करण्याचाही हक्क नसतो. जिच्या नावावर काही नाही तिने वाटणी लावली, हे कसं मानायचं?

नवागामातली वाटणी बहुतेक वेळा अशी असते. बाप गावी चार-सहा एकर सोडून गेला. थोरला गावी राहिला, धाकटा सुरतेला आला. वीस-पंचवीस वर्षं धाकटा पैसे पाठवतो: विहिरीला, बोअरला, बहिणीच्या लग्नाला, आईच्या दवाखान्याला. कुणी लिहून ठेवत नाही, कारण भावाभावांत लिहायचं कशाला. थोरला म्हणतो, मी जमीन कसली, मी आईला सांभाळलं. धाकटा म्हणतो, माझ्या पैशावर विहीर झाली. दोघंही खरं बोलत असतात. सातबारावर मात्र दोघांचीही नावं सामाईक, किंवा अजून मेलेल्या बापाचंच नाव. कधी तर प्रत्यक्षात एकाचा गट दुसरा कसतो आणि कागदावर उलट असतं. एखाद्या दिवाळीला कुणाच्या तोंडून शब्द निघून जातो. मग फोन बंद. मग पुतण्याच्या लग्नाची पत्रिका येते, पण नाव खाली, लहान अक्षरात. मग लग्नाला जाणं बंद. भुसावळ पॅसेंजरने एका रात्रीचा प्रवास, पण तो पाच-सात वर्षं होत नाही.

या माणसांना वाड्यातली भांडणं पाहून रडू येतं, आणि ते रडू खोटं नाही. खानदेशी माणसांनी सुरतेत खूप सोसलं आहे. १९९४ च्या प्लेगमध्ये रेल्वेला लटकून ती गावी गेली होती. २००६ च्या ऑगस्टात उकाईचं पाणी सोडलं आणि तापीने शहर बुडवलं. अशा वेळी गावचा भाऊ आठवतो, गावच्या भावालाही सुरतेचा आठवतो. राक्षसभुवन होतं. पण राक्षसभुवननंतर धोडप होऊ नये, यासाठी काय करायचं, हे मालिका सांगत नाही.

खानदेशाकडे मात्र याचं स्वतःचं उत्तर आहे, आणि ते कानबाई या देवीच्या उत्सवात आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं. सुरतेत त्या दिवशी उधना-लिंबायत-डिंडोली पट्ट्यातले रस्ते बायकांच्या फुगड्यांनी भरतात. यातला रोटांचा विधी परक्याला चटकन कळत नाही. रोटांचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजून घेतले जातात आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. मोजायला बसलं की न बोलणाऱ्या भावाचं नावही घ्यावं लागतं. त्याचे गहू टाकावे लागतात. तो आला नाही तर त्याची जागा रिकामी राहते आणि ती सगळ्यांना दिसते. म्हणून कानबाईच्या आधी कुणीतरी जाणतं माणूस, बहुतेक वेळा मामा किंवा मोठी आत्या, दोन्ही घरी जाऊन येतं. रुसलेला भाऊ पाटावर येऊन बसतो. देवीसमोर भांडण काढायचं नसतं, असं सगळे मानतात.

कानबाई माणसांना एका पाटावर आणते, पण तीही वाटणी करून देत नाही. ती संधी देते, आणि पुढचं काम माणसांनी करायचं असतं. ज्या घरांत ते झालं तिथे मी एकच गोष्ट पाहिली आहे: रोट खाल्ल्यावर, चहा घेतल्यावर, कुणीतरी वही काढली. विहिरीचे किती, लग्नाचे किती, आईच्या आजारपणाचे किती. थोरल्याच्या कष्टाचं मोल किती. ते बोलणं दोन-तीन तास अवघड गेलं. त्यानंतर मात्र एकमेकांकडे जाणं-येणं सुरू झालं ते झालंच.

इथे मराठेशाहीचीच आणखी एक परंपरा आठवायला हवी. त्या काळी वतनाचे आणि वाटणीचे तंटे गोतसभेपुढे, मजालसीपुढे यायचे. दोन्ही बाजूंनी आपापली तकरीर लिहून द्यायची. निवाडा मान्य करू, असा राजीनामा आधीच लिहून घ्यायचे, वर जामीन घ्यायचे. निवाडा झाला की हरलेल्याने येजितखत लिहून द्यायचं, जिंकलेल्याला निवाडपत्र. पेशवे दफ्तरात असे कागद ढिगाने आहेत. आपल्या पूर्वजांमध्ये भावाभावांतलं प्रेम कमी नव्हतं. तरी ते लिहून घेत होते, कारण पुढच्या पिढीला प्रेम आठवेल याची खात्री नसते आणि कागद राहतो.

आज त्याच्या जागी तहसीलदार आहे, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ८५ आहे, नोंदणीकृत वाटणीपत्र आहे. २००७ च्या १५ ऑगस्टला सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आहे. २०२३ च्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारने सलोखा योजना आणली: एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असा ताबा किमान बारा वर्षांचा असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी शुल्क एक हजार रुपये. योजनेचं नावच सलोखा. सुरतेतल्या खानदेशी मंडळांनी कानबाईच्या मांडवाशेजारी एक टेबल टाकून अशा योजनांची माहिती देणारा माणूस बसवला, तर त्या दोन दिवसांत पुष्कळ घरं जुळतील.

आणि बहीण. वाड्याच्या मालिकेत बहीण माहेरी येते, ओवाळते, जाते. खऱ्या वाटणीत तिला बोलावतात हक्कसोडपत्रावर सही करायला. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. केंद्राचा कायदा २००५ मध्ये बदलला. बाप आधी वारला असला तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणीला साडी नेसवून कागद पुढे करतात. तिने विचारलं तर ती भाऊबंदकी लावणारी ठरते. सह्या देणाऱ्या बहिणींपैकी पुष्कळ जणी खुशीने देतात, हेही खरं. पण काय सोडतोय हे त्यांना आधी नीट सांगितलेलं असावं, एवढी तरी अपेक्षा ठेवूया.

एकत्र येणं, हिशेब मांडणं आणि लिहून ठेवणं, या तिन्ही पायऱ्या पार केलेला सलोखा इतिहासात झालेला आहे. शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज हे चुलतभाऊ. थोरल्या महाराजांचे नातू दोघंही, आणि त्यांच्यातली फूट १७०७ पासूनची, ताराराणींच्या काळापासूनची. तेवीस-चोवीस वर्षं मराठी फौजा एकमेकींवर धावत होत्या आणि निजाम मध्ये हात घालत होता. १७३१ च्या फेब्रुवारीत कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोघं भाऊ भेटले. हत्तीवरून उतरून गळाभेट झाली. एवढ्यावर थांबले असते तर तीही थेऊरसारखी एक हृद्य भेट राहिली असती. ते थांबले नाहीत. १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. नऊ कलमं. वारणा आणि कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरचा, उत्तरेचा साताऱ्याचा. कुठली ठाणी कुणाची, एकमेकांचे चाकर कुणी ठेवायचे नाहीत, एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही. त्यानंतर ही दोन घरं पुन्हा एकमेकांवर चाल करून गेली नाहीत. दोन्ही राज्यं पेशवाई बुडाल्यावरही आपापल्या जागी होती.

याच घराण्यातला आणखी एक माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. थोरले महाराज १६८० च्या एप्रिलमध्ये गेले, तेव्हा सोयराबाई आणि काही कारभाऱ्यांनी दहा वर्षांच्या राजारामाला गादीवर बसवलं. हंबीरराव मोहिते हे सरसेनापती, सोयराबाईंचे सख्खे भाऊ, राजारामाचे मामा. सख्ख्या भाच्याला राज्य मिळत होतं, आणि त्यांनी पाठीशी उभं राहणं निवडलं शंभूराजांच्या. ज्याचा हक्क त्याला, मग तो आपल्या बहिणीचा मुलगा नसला तरी. खानदेशात भांडण मिटवायला मामाला बोलावतात. मामाने हंबीररावांसारखं असावं. आपल्या माणसाची बाजू घेण्यासाठी बोलावलेला मामा भांडण दुप्पट करून जातो.

मालिका लिहिणाऱ्यांना म्हणून माझी विनंती आहे. तुम्ही थेऊर पुष्कळ वेळा दाखवलं, पुढेही दाखवा. पण एकदा जखिणवाडीची भेट आणि त्यानंतरचे ते आठवडे दाखवा, ज्यांत दोन बाजूंचे कारभारी नकाशा आणि वसुलाच्या याद्या घेऊन बसले, गावागावांवरून अडले, उठून गेले, परत आले आणि नऊ कलमांवर थांबले. त्या याद्यांमध्ये तुम्हाला आनंदीबाईच्या पत्रापेक्षा जास्त नाट्य मिळेल, आणि ते पाहणाऱ्याला काही तरी करता येण्यासारखं मिळेल.

नवागामातल्या, उधन्यातल्या आणि गावी राहिलेल्या भावांनाही एक सांगणं. या दिवाळीला एकत्र जमाल तेव्हा सातबारा काढून ठेवा. भाऊबीजेला बहीण येणारच आहे, तिलाही बसवा. मामाला बोलवा. आई असेल तर तिच्यासमोर सगळं लिहा आणि वाटणीपत्राची नोंदणी करून टाका. दुय्यम निबंधकाचं कार्यालय तालुक्याच्या गावी आहे आणि दिवाळीची सुट्टी संपली की ते उघडतं.